चार वॅटचं बिऱ्हाड

"म्हणून तं सांगून राह्यली बाई तुले, तो डब्बा ज्याच्या घरी गेला ना, त्याच्या घरी वर्षाच्या आत…"

रुखमाबाई एवढं बोलल्या आणि गप्प झाल्या. चांद्याच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी गुणवंतराव मास्तरांची सायकल दिसली होती, आणि तिच्या कॅरिअरवर, पोत्यात गुंडाळून, सुतळीनं करकचून बांधलेला मी होतो. ज्याची गोष्ट चालली आहे तोच समोर आला की माणसं पाण्यापावसावर बोलू लागतात. रुखमाबाईंनीही तेच केलं. पण त्यांच्या पुढ्यात उभ्या होत्या इंदुताई, म्हणजे मास्तरांची बायको. त्यांच्या कानात ते अर्धं वाक्य जे शिरलं ते शिरलंच. आणि पोत्यात असलो तरी माझ्याही.

तर मी एक अ‍ॅम्प्लिफायर बोलतोय. ग्रामोफोनच्या सुईतून निघालेला मुंगीएवढा आवाज मोठा करून स्पीकरला द्यायचा, हे माझं काम. अंगावर तीन काचेच्या नळ्या, पाठीवर लोखंडी ट्रान्सफॉर्मर, पोटात तारांचा गुंता. ताकद चार वॅट. हा आकडा लक्षात ठेवा, माझी सगळी परवड त्यातच आहे.

स्वभावानं मी संशयी आहे. तीन घरं फिरून या, तुम्हीही व्हाल.

माझा जन्म नागपूरचा, एक्कावन्न सालचा. लढाई संपल्यावर फौजेचं सामान भंगारात निघालं, त्यातल्या नळ्या आणि तारा गोळा करून लच्छू मिस्त्रीनं मला बांधलं. एकेका जोडाला डाख देताना तो जीभ दातांत धरायचा. माझं पहिलं गिऱ्हाईक दारात आलं तेव्हा त्यानं जे सांगितलं, ते मला अजून पाठ आहे.

"पाहा भाऊ, हा आखाड्यातला पहिलवान नाई. हा खोलीतला गवई हाय. मैदानात नेऊ नका. अन् संगं स्पीकर असा ठेवा का ज्याले थोडक्यात भागते."

हे गिऱ्हाईक म्हणजे मुखरूभाऊ. लाकडाच्या डेपोत कारकून, राहायला चांद्यात, आणि गाण्याचे मोठे शौकीन. त्यांनी मिस्त्रीचं ऐकलं. साग तर त्यांच्या रोजच्या पाहण्यातला. त्यांनी कमरेएवढा सागवानी खोका करवून घेतला, आत शंखासारखी वळणं घेतलेली वाट ठेवली, आणि टोकाला स्पीकर बसवला. तो खोका नुसत्या फुंकरीनं बोलायचा. माझे चार वॅट त्याला पोटभर झाले.

दर रविवारी दुपारून पाच-सहा शौकीन मुखरूभाऊंकडे जमायचे. दाराजवळ सतरंजीच्या टोकावर गुणवंतराव मास्तर बसायचे. सनईची तबकडी लावली की वाजवणारा श्वास कुठं घेतो, तेसुद्धा ऐकू यायचं. माझ्या आयुष्यातले ते दिवस बरे गेले.

पण आमच्या भागाची एक रीत आहे. इथे आवाज कानांनी मोजत नाहीत, घरांनी मोजतात. नवं मशीन घेतलं की पहिला प्रश्न गोडीचा नसतो. "कितव्या घरापर्यंत ऐकू जाते?" हा असतो. आणि खोटं कशाला बोलू, ह्यात वाईट काही नाही. एकट्यानं गाणं ऐकणं म्हणजे एकट्यानं पुरणपोळी खाणं, असं इथली माणसं समजतात. फक्त त्या मापात मी बसत नाही. मी तिसऱ्या घरापर्यंत जायचो. मुखरूभाऊंच्या मागच्या गल्लीत एकानं नवं मशीन आणलं, ते थेट विहिरीपर्यंत जायचं. मग मुखरूभाऊ माझं बटण पिळू लागले. अजून थोडं, अजून थोडं. शेवटाला नेलं की माझा आवाज फाटायचा, आणि ते माझ्याकडे असं बघायचे जसं काही मीच चोरी केली.

त्यांनी नागपूरहून वीस वॅटचं मशीन आणलं आणि मला विकायला काढलं. मूलचे चैतूशेठ, धानाच्या गिरणीचे मालक, बघायला आले. मुखरूभाऊंनी मला सागवानी खोक्याला जोडलं आणि सनई लावली. शेठचे डोळे पाणावले. ते मला घेऊन गेले. खोका मात्र मुखरूभाऊंकडेच राहिला.

आणि मिस्त्रीची ती ताकीद? "खोलीत लई गोड वाजते," एवढंच मुखरूभाऊ बोलले. मैदानाचं गिळलं, स्पीकरचंही गिळलं. शौकीन माणसं माझ्यासारख्याला का विकतात, याचं कारण लोक कुठं कुठं शोधतात. ऐकताना दुसऱ्याच्या खोलीत ऐकतात, नेतात आपल्या घरी, आणि विकताना खरं कारण सांगवत नाही. मग घेणाराही तेच करतो.

शेठच्या घरी हातभर पत्र्याचा स्पीकर होता. त्यातून मी गाडग्यात अडकलेल्या डासासारखा वाजलो. शेठ म्हणाले, बंद खोलीत याचं मन रमत नसन, मोकळ्या हवेत खुलेल. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, सगेसोयरे जमतात, रात्री दंडार होते, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य. शेठनी मला मंचाच्या खांबाला बांधलं आणि बांबूवर भोंगा चढवला. समोर हजारेक माणूस. नट बोलत होता आणि मला धाप लागली होती.

"आवाज, आवाज," लोक ओरडले. मागून एक जण म्हणाला, "शेठ, तुमचा डब्बा उपाशी हाय का? भाकर द्या त्याले."

त्या हशानं शेठ जे लाल झाले ते घरी जाईपर्यंत लालच होते. त्याच हिवाळ्यात त्यांचा एक बैल मेला. लोकांनी जोडायचं ते जोडलं. पुढे मी भांदकच्या एका ठेकेदाराकडे गेलो. "वाजते," एवढंच शेठ त्याला म्हणाले. तिथे मी असताना ठेकेदाराची बायको रुसून माहेरी गेली. तिकडे मुखरूभाऊंची बदली आलापल्लीच्या जंगलात झाली. तेही माझ्याच नावावर. शेवटी मी चांद्यात लटारू रेडिओ मिस्त्रीच्या फळीवर येऊन पडलो.

लटारू रोज माझ्या पाठीवर टिचकी मारायचा. "ट्रान्सफॉर्मर चांगला हाय. कोणी नेला नाई तं काढून घेतो. बाकीचं भंगारात."

पोळ्याच्या आदल्या दिवशी गुणवंतराव आले आणि मला सायकलवर बांधून घेऊन निघाले. तिथून गल्लीत शिरताना ते अर्धं वाक्य ऐकलं, ते तुम्हाला सांगितलंच.

मास्तरांकडे जुन्या रेडिओतला स्पीकर होता. त्यातून मी कसाबसा बोललो. इंदुताई चुलीपुढून म्हणाल्या, "याच्यापरीस माह्यं भगुणं जास्त वाजते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या नळ्यांच्या वर लिंबू-मिरची बांधली. आता नळ्या पेटल्या की त्यांच्यावर हात ठेववत नाही. चार तबकड्या वाजल्या आणि लिंबू सुरकुतलं, मिरच्या काळ्या पडल्या. इंदुताईंनी ते लिंबू मास्तरांच्या ताटाशेजारी आणून ठेवलं.

"एका दिवसात वाळलं हे. माणसाचं काय होईन?"

"अवं, नळ्या तापतात त्या."

"तापतातच तं म्हणून राह्यली मी."

मास्तर शाळेत भल्याभल्या पोरांना गणित शिकवायचे, पण घरात हिशेब इंदुताईंचा चालायचा. त्यांनी निकाल देऊन टाकला. "पुढच्या पोळ्याच्या आत हा डब्बा घरातून गेला पाहिजे. नाई तं मी वरोऱ्याले भावाकडे जाईन, मंग बसा सनई ऐकत."

मास्तर हो म्हणाले. पोळ्याला डबा परत आणून देतो, असं लटारूलाही कळवलं. म्हणजे पोळ्यापर्यंत माझं काही झालं नाही, तर माझं पोट फाडलं जाणार होतं. लटारू दर महिन्याला रस्त्यावरून जाताना दारात थांबायचा. "गुर्जी, कवा आणता?" विचारायचा मास्तरांना, पण बघायचा माझ्या पाठीकडे.

इंदुताईंचा संशय माझ्यावर होता. मास्तरांचा दुसरीकडेच. संध्याकाळी ते माझ्यापुढे कान लावून बसायचे आणि स्वतःशीच बोलायचे. "डब्बा तोच, सनई तेच. मंग तो श्वास कुठी गेला?" एकदा ते मला लटारूच्या दुकानात नेऊन मोठ्या स्पीकरला जोडून आले. आवाज थोडा उजळला. त्या दिवशी घरी येताना ते सायकलवर न बसता चालत आले, इतका विचार चालला होता. घरी आल्यावर म्हणाले, "मुखरूभाऊनं शेठले अर्धंच मशीन इकलं. अर्धं त्या सागवानी खोक्यात राह्यलं."

उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मोटारीनं आलापल्लीला गेले. तिथलं मी पाहिलेलं नाही, त्यांनी सांगितलेलं सांगतो. आलापल्लीत मुखरूभाऊंच्या घरी वीज नव्हती. वीस वॅटचं मशीन कपाटावर धूळ खात होतं, आणि सागवानी खोक्यात भागीरथाबाईंनी, म्हणजे मुखरूभाऊंच्या बायकोनं, वाळलेली मोहफुलं भरून ठेवली होती. मास्तरांनी खोका मागितला तर मुखरूभाऊ लगेच तयार झाले. भागीरथाबाई होईनात.

"न्या ना भाऊ. पण मोहफुलं कुठी ठेवू मी, तुमच्या टोपीत?"

मास्तरांनी सोबत नेलेली पत्र्याची पेटी रिकामी केली आणि त्यांना दिली. कपडे धोतरात बांधून आणले. पेटी इंदुताईंच्या माहेरची होती, हे त्यांना परतीच्या वाटेवर आठवलं.

खोका हातगाडीवरून दारात उतरला. सगळ्या घरात मोहाचा वास पसरला. इंदुताईंनी खोका पाहिला, धोतराचं गाठोडं पाहिलं.

"डब्बा होता, आता खोका आला. माही पेटी कुठी हाय?"

मास्तर गाठोड्याची गाठ सोडू लागले.

"झालं. पेटीपासून सुरुवात झाली. आता बैल नाई आपल्याकडे, म्हणजे मीच राह्यली." असं म्हणून त्या सूप घेऊन पाठ करून बसल्या.

मास्तरांनी खोका उन्हात दोन दिवस ठेवला, तिसऱ्या दिवशी मला जोडलं आणि तबकडी लावली. इतक्या वर्षांनी मला माझाच आवाज ओळखू आला. बटण अर्ध्यावर होतं, आणि खोली भरली होती. इंदुताई तांदूळ निवडत होत्या. पहिल्या तबकडीला सूप हलत राहिलं. दुसरीला मध्येच थांबलं. तिसरीला त्या उठून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हा सनईवाला श्वास घेऊन राह्यला मधामधात," त्या म्हणाल्या. "दमला वाटते बिचारा."

मास्तरांनी सतरंजी जरा पुढे सरकवली. इंदुताई खाली बसल्या. "पेटीचं येगळं हाय," एवढं मात्र म्हणाल्या.

पण पोळ्याचा शब्द काही त्यांनी मागे घेतला नव्हता. अर्धं वाक्य अजून त्यांच्या कानात होतं. आठवड्यानं रुखमाबाई दारात आल्या.

"वाजवता का नुसतेच बसता वं? आमच्याकडे तं काईच येत नाई."

"ऐकाचं असन तं आत या," इंदुताई म्हणाल्या. "अन् आंधी ते पुरं करा. वर्षाच्या आत घरात काय होते?"

रुखमाबाई खोक्याला हात लावून बघत होत्या. "काय होते म्हणजे? घरात टिकत नाई. वर्षाच्या आत बाहेर जाते हा डब्बा. एवढंच म्हणत होती मी."

"अन् चैतूशेठचा बैल?"

"म्हातारा होता म्हणते तो."

"ठेकेदाराची बायको?"

"ते तं लग्न झाल्यापासून दर पंचमीले रुसते. माही दूरची भाचीच हाय."

"मंग इतके महिने सांगितलं काऊन नाई?"

"तू पुसलंच नाई," रुखमाबाई म्हणाल्या आणि सतरंजीवर ऐसपैस बसल्या.

पुढच्या वेळी लटारूनं दारात येऊन "कवा आणता?" विचारलं, तेव्हा मास्तरांच्या आधी इंदुताईच बोलल्या. "कायले आणाचा? तुमी या ऐकाले. हात मागं बांधून बसा फक्त."

आता तुम्ही म्हणाल, अफवा खोटी ठरली. थांबा.

आषाढात रुखमाबाई अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या आणि पाय मोडला. प्लास्टर घालून खाटेवर. गल्ली ओलांडून येणं बंद. महिनाभर त्यांचे निरोप येत राहिले, आज काय वाजलं, उद्या काय वाजणार. पोळ्याला आठ दिवस उरले असताना इंदुताईंनीच मला उचललं. वीज रुखमाबाईंकडेही आली होती. खोका मास्तर आणि लटारूनं दोन बाजूंनी धरून नेला. गल्ली ओलांडताना लटारूनं माझ्या पाठीकडे एकदा पाहिलं. मी ते पाहिलं.

म्हणजे वर्षाच्या आत मी घराबाहेर गेलो, हे खरंच झालं. पण विकला गेलो नाही, आणि पोटही शाबूत आहे.

काल पोळा झाला. मी रुखमाबाईंच्या खाटेशेजारी आहे. त्यांना माझा लळा लागलाय, आणि त्यांचा पाय जरा सावकाशच बरा होतोय, असा मला संशय आहे. तो इंदुताईंनाही आहे.

तुम्हाला एक विनवणी. कोणी शौकीन माझ्यासारखा डबा गोड वाजवून दाखवेल आणि विकायला काढेल, तर डब्याकडे बघू नका. तो कोणत्या स्पीकरला जोडलाय ते बघा, आणि तो स्पीकर का विकत नाही ते विचारा. मग आपल्याला किती घरं ऐकवायची आहेत ते ठरवा. एवढं केलंत तर माझ्या जातीची वणवण थांबेल.

आज सकाळी इंदुताई आल्या. "पाय कसा हाय?" त्यांनी विचारलं, पण पाहिलं माझ्याकडे.

"ठणकते अजून," रुखमाबाई म्हणाल्या. "पंधरा दिवस तरी हलता येत नाई."

"बरं," म्हणत इंदुताईंनी पदरानं माझी पाठ पुसली. "पण ध्यानात ठेवा बाई. इकला नाई, ऐकाले देला हाय."