हत्तीच्या पत्त्यांची माळ

मी एक जुनी माळ आहे. फुलांची नाही, मण्यांचीही नाही. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची. मित्रांनो, तुम्ही सोलापुरी चादर पांघरता ना, तिच्यावरची नक्षी आमच्या भोकांतून येते. मागाच्या डोक्यावर जेकार्ड नावाचं यंत्र असतं, त्यात आम्हाला चढवतात. भोक असेल तिथे धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. माझ्या भोकांत हत्ती आहेत. मला स्वतःला मात्र एक धागाही विणता येत नाही. खिळ्याला टांगलं, की मी नुसता पुठ्ठा.

एका जुन्या माळेवरून भोकाला भोक जुळवून मला कापलं. कापणाऱ्याचा हात एका जागी चुकला आणि माझ्या कडेच्या हत्तीची सोंड आखूड झाली. पुढे माझ्यावरून ज्या माळा कापल्या, त्यांच्याही हत्तीची सोंड आखूडच राहिली. तरी मडिवाळप्पा विणकरांच्या मागावर मी कितीतरी वर्षं काम केलं. बाजारात लोक हत्तीची चादर मागून घेत, तेव्हा मला फार बरं वाटे.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात मडिवाळप्पांच्या मुलाला देवी आल्या. घरात देवीआई आली म्हणून दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले आणि माग बंद झाला. शेजारच्या रत्नम्मा आपल्या तान्ह्या मल्लव्वाला घेऊन आईच्या पाया पडायला आल्या. त्या मुलातच आई आहे असं मानून त्यांनी लेकराचं कपाळ त्याच्या फोडांनी भरलेल्या पायांवर टेकवलं. खिळ्यावरून मी ते पाहिलं आणि माझा जीव टांगणीला लागला.

माग बंदच होता, म्हणून माझी झिजलेली दोरी बदलायला मला पत्ते ओवणाऱ्याकडे पाठवलं. रत्नम्मांचे यजमान सिद्धलिंगप्पा यांची मोराची माळही तिथेच होती. परत येताना आमची अदलाबदल झाली आणि सिद्धलिंगप्पांनी मला आपल्या मागावर चढवलं. त्यांचे हात मागावर होते, पण नजर पाळण्याकडे. मोराच्या जागी हत्ती उमटत गेले, तरी त्यांना कळलं नाही. मला थांबावंसं वाटत होतं. पण थांबणं माळेच्या हातात कुठे असतं?

तेवढ्यात देवीची लस टोचणाऱ्या दाक्षायणीबाई दारात आल्या. सिद्धलिंगप्पांनी त्यांना आधीही परत पाठवलं होतं.

"बाई, सुई नको म्हटलं की! आई गल्लीत हाय. तिला राग आला तर?" असं म्हणत ते वळले आणि त्यांची नजर कापडावर पडली. "आरं देवा! माग माझा, सूत माझं, आन् हत्ती मडिवाळप्पाचं!"

दाक्षायणीबाई कापडाजवळ गेल्या. "अण्णा, ह्या रोगाचं असंच हाय बघा. त्याच्यापाशी माग न्हाई, सूत न्हाई. नुसती पत्त्यांची माळ आन् दोन-चार हत्यारं घिऊन तो अंगात शिरतो. मग आपलंच अंग त्याची नक्षी विणतं, त्याच्या माळाबी कापून देतं. एकाच्या हजार हुत्यात."

"मग माग बंद करायचा," रत्नम्मा म्हणाल्या.

"अक्का, माग म्हंजे ह्या लेकराचं अंग. ते कसं बंद करणार? माळ वळखून आधीच अडवाय पायजे. सुईत ह्या रोगाच्या गरीब, जीव न घेणाऱ्या चुलतबहिणीची माळ असती. तिला बघून अंग शानं हुतं."

रत्नम्मांनी पाळण्याची दोरी धरली. "बाई, मी परवाच हिला आईच्या पायावर घातली व्हती."

"परवा? मग अजून येळ हाय. तीन-चार दिसांत टोचलं तर सुई रोगाच्या आधी पोचती. पर आत्ताच टोचाय पायजे."

सिद्धलिंगप्पा मागावरच्या आखूड सोंडेच्या हत्तीकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतः पाळण्यातून पोरीला उचललं आणि तिचा दंड पुढे केला.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस आठवले की अजून माझे पत्ते थरथरतात. मल्लव्वाला ताप चढला. रत्नम्मा तिचं अंग सारखं चाचपत. अखेर दंडावर टोचल्या जागी एकच फोड आला, खपली धरली आणि वण ठेवून गेला. मडिवाळप्पांचा मुलगाही वाचला, पण त्याचा एक डोळा गेला.

पुढे दाक्षायणीबाई गल्लीतल्या मुलांना सांगत, की देवीच्या विषाणूची नक्षी दुहेरी धाग्यावर असते, त्यामुळे नक्कल करताना चुका कमी होतात. फ्लूची असते एकेरी धाग्यावर आणि तिच्यात चुका फार, म्हणून तो पुनःपुन्हा नवं रूप घेऊन येतो. मला माझी आखूड सोंड आठवते.

आता एकोणऐंशी साल आहे. देशात देवी उरल्या नाहीत. शाळेत जाणारी मल्लव्वा दंडावरचा वण मैत्रिणींना दाखवत फिरते. माझ्यावर मात्र धूळ बसली आहे, उंदरांनी कडा कुरतडल्या आहेत. लोकांना वाटतं, मी मेले. मित्रांनो, न विणणारी माळ मेलेली नसते, मग ती पुठ्ठ्याची असो की कुठल्या रोगाची. लस टोचणाऱ्या बाई दारात आल्या, तर त्यांना परत पाठवू नका. माझी भोकं अजून शाबूत आहेत. आज कोणाच्याही मागावर मला चढवलं, तर हत्तीच उमटतील.