पेडल नसलेली मशीन

"बाबा, ही मशीन एकदा चालवून दाखव ना!"

वाचनालयाच्या हॉलमध्ये, बाबांच्या नव्या पुस्तकाच्या भर सभेत मारेनने हे विचारलं. खरं तर कल्पना तिची नव्हतीच. हॉकीच्या टीममधल्या तिच्या मैत्रिणींनी मागच्या रांगेत पैज लावली होती, "विचारलंस तर महिनाभर तुझी बॅग आम्ही उचलू. पण तू कसली विचारतेस!" त्यांना फक्त सुटाबुटातला माणूस शिवायला बसलेला बघायचा होता. पण मित्रांनो, ती मशीन म्हणजे मी! आणि या प्रश्नाची मी कितीतरी हिवाळे वाट बघत होते.

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. काळी, लोखंडी, चांगल्या दांडग्या माणसालाही उचलताना घाम फोडणारी. आणि मला राग आलाय. अमेरिकेतल्या आमच्या डुलुथ गावात, समुद्राएवढ्या तळ्याच्या काठी, रागावायची पद्धत नाही. इथला माणूस फार दुखावला तर "बरं आहे" म्हणतो. अगदीच सहन होईना तर लिंबाच्या वड्या भाजतो आणि ज्याने दुखावलं त्यालाच नेऊन देतो. मग राग धरायचा कुणी? लोखंडाने. मी धरलाय.

माझी एक खोड आधीच सांगते. मी विजेवर चालते, पण मला पेडल नाही. टेबलाखाली उजवीकडे माझी एक दांडी लोंबते. ती गुडघ्याने बाहेर ढकलली की मी धावते. पाय आपले जमिनीवर स्वस्थ. ज्याने मला एकदा चालवलं, त्याचा गुडघा हे जन्मात विसरत नाही. ध्यानात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती. एका शिंपिणीकडे उभं आयुष्य काढलं. ती वारली आणि मी चर्चच्या तळघरातल्या जुन्या बाजारात येऊन पडले, बिघडलेल्या इस्त्र्यांच्या पंगतीत. तिथे बेरिट आली. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, उंच, कमी बोलणारी बाई. तिने माझं चाक हाताने फिरवलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "वाईट नाही." मित्रांनो, डुलुथमध्ये याहून मोठी स्तुती नसते! माझी तर सुई थरथरली.

बेरिट जुने लोकरी स्वेटर उकळत्या पाण्यात घालायची. ते आटून जाड झाले की कापून त्यांचे हातमोजे शिवायची, आतून मऊ अस्तर लावून. पहिला जोड तिने धाकट्या भावासाठी केला. कर्टिस त्याचं नाव. नोकरी गेली म्हणून तो तिच्याच सोफ्यावर मुक्कामाला होता. हातमोजे घालून तो हॉकीच्या मैदानावर गेला आणि जो तो विचारू लागला, "कुठून आणलेस रे?" कर्टिस धावत घरी आला.

"बेरिट, अजून शीव!"

"स्वेटर आण मग."

"आणतो की. पण लाल शीव, लाल पटकन जातात."

"लाल स्वेटर काय झाडाला लागतात होय रे?"

दोघं पोट धरून हसली. खोटं कशाला बोलू, विकायला कर्टिस वाघ होता. या गावात त्याने बर्फसुद्धा विकला असता. तो विकायचा, बेरिट शिवायची आणि मी धावायचे. माझे सोन्याचे दिवस ते!

धंदा वाढला. दुकानं झाली, कंपनी झाली. "आमची कंपनी"ची "माझी कंपनी" कधी झाली, ते मात्र कुणी मला सांगितलं नाही. मग शिवणकाम समुद्रापार गेलं. कर्टिस म्हणाला, "ताई, तू खूप केलंस. आता आराम कर." बेरिट म्हणाली, "बरं आहे." जाताना तिने मला मागितलं. माझ्यावर तिचाच हक्क होता, तिनेच मला घेतलं होतं! तर हा म्हणतो, "अगं, ती आता कंपनीची ओळख आहे." ती परत म्हणाली, "बरं आहे." त्या दोन शब्दांनी माझा दोरा तुटला.

पुढे कर्टिसने कंपनी विकली आणि तो गुंतवणूकदार झाला. मला त्याच्या नव्या ऑफिसच्या कोपऱ्यात ठेवलं आणि माझ्या डोक्यावर कुंडी. तिचं पाणी झिरपून माझी वेलबुट्टी गेली. समोर रोज नवी पोरं यायची, आपापल्या कल्पना मांडायची. हा खुर्चीत रेलून विचारायचा, "ते सगळं ठीक आहे. पण यात तुझं स्वतःचं काय?" हा प्रश्न! आणि हा विचारणार! कुंडी फेकता आली असती ना, तर फेकली असती.

मग त्याने पुस्तक लिहिलं. स्वतःचीच गोष्ट. त्यात लिहिलंय, "थंडीने बोटं वळत नसत, तरी मी एकटा पेडल मारत बसायचो." पेडल! एकटा! सबंध पुस्तकात बेरिटचं नाव नाही. अर्पणपत्रिका मात्र आहे, "माझ्या मारेनला". लेक लाडकी आहे त्याची. आणि शेवटचा घाव असा, की या सभेनंतर मी एका कॉलेजच्या दालनात काचेच्या पेटीत जाणार होते. कुणी हात लावू नये म्हणून माझं चाक कायमचं जखडून टाकायचं ठरलं होतं. म्हणजे मी पुन्हा कधीच शिवणार नव्हते.

सभेला बेरिट आली. हातात काय? लिंबाच्या वड्यांचा ट्रे! माझ्याजवळून जाताना थबकली. फोटोसाठी कुणीतरी माझ्यात उलटासुलटा दोरा ओवला होता. तिने "च्" केलं, पटकन नीट ओवला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली, ट्रे मांडीवर घेऊन. माझा छोटा दिवा फोटोत बरा दिसतो म्हणून वायर जोडलेलीच होती. सुईखाली पुस्तकाचं वेष्टण शोभेला सरकवलेलं होतं, कर्टिसच्या हसऱ्या फोटोसकट.

आणि तेव्हा मारेनने तो प्रश्न विचारला.

कर्टिस हसत हसत माझ्यासमोर बसला. त्याचा चकचकीत बूट टेबलाखाली शोधू लागला. टक. टक टक. पुढे, मागे, डावीकडे. पोरी खिदळायला लागल्या. "इथेच तर होतं..." तो पुटपुटला. कान लालबुंद.

तेवढ्यात बेरिट म्हणाली, "अरे, राहू दे. जुनी झालीय ती. चालत नाही आता."

मी? मी चालत नाही? मित्रांनो, ज्याने हिचं नाव पुसलं, त्याची लाज राखायला ही मलाच मोडीत काढत होती! एवढा संताप मला आयुष्यात आला नव्हता.

पण मारेन आत्याकडे बघत होती. तोंडाने काहीही म्हणत असली तरी, ट्रेखाली बेरिटचा उजवा गुडघा आपोआप बाहेर सरकला होता. पुन्हा सरकला. मारेनचे डोळे मोठे झाले.

"बाबा, ऊठ जरा."

ती बसली. गुडघा बाहेर ढकलला. आणि मी धावले! कितीतरी वर्षांचा राग एका दमात धावला. खडखड करत वेष्टणावरून सरळ टीप मारली, थेट फोटोतल्या नाकावरून. टाका एकही चुकला नाही.

"आत्या," मारेन म्हणाली, "पहिला हातमोजा कुणी शिवला?"

बेरिटने मांडीवरचा ट्रे सावरला. आता ही "बरं आहे" म्हणणार, मी धसका घेतला.

"मी," ती म्हणाली. मग मान वर करून, साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं, "मी शिवला. कंपनी उभी राहीपर्यंत सगळे मीच शिवले, कर्टिस."

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी मशीन असेल तर तिला कुंडीखाली ठेवू नका. तेल द्या, चालवा. आणि ती कुणी चालवली, त्या माणसाचं नाव मोठ्याने घ्या. मनातल्या मनात घेतलेलं नाव कुणाला ऐकू येत नाही.

हॉल रिकामा होऊ लागला. वड्यांना कुणी हात लावला नव्हता. मारेनची आई जोलीन दबक्या आवाजात म्हणाली, "घरी बोलू, मारेन. लोक बघतायत."

"बघू देत. ए पोरींनो, बॅग राहू दे माझी. ही उचला!"

चौघींनी मला धरलं. "आई गं, दगड आहे का काय!" एक ओरडली.

"कुठे नेताय तिला?" कर्टिस आडवा आला.

मारेन त्याच्यासमोर उभी राहिली. 

"आत्याकडे. जिची आहे तिच्याकडे. आणि बाबा, आई, ऐका. या उन्हाळ्यात मी ठरल्यासारखी बाबांच्या ऑफिसात कामाला येणार नाही, आत्याकडे शिवायला शिकणार. पुस्तक पुन्हा छापाल तेव्हा तिचं नाव आत घाला. नाहीतर पहिल्या पानावरचं माझं नाव काढून टाका. मी ठरवलंय."