निम्मं गाव

पहाटेपासून पडणारा पाऊस रस्त्याला टेकताच गोठत होता, आणि कुणी घसरू नये म्हणून राख टाकून टाकून दोरोताचे हात बधिर झाले होते. चुलीतली राख बादलीत भरायची, पंचायतीच्या वाटेवर पसरायची, एखाद्या म्हातारीला हाताला धरून मतपेटीपर्यंत न्यायचं, की परत. मधेच घरात डोकावून मातूशचा श्वास ऐकायचा. सासूबाईंच्या मांडीवर तिचं दोन वर्षांचं पोर, आणि खाणीच्या धुळीनं खोकला एखाद्या जुन्या खाणकामगाराचा.

दगडखाण वाढू द्यायची का, यावर आज गावाचा कौल होता. आलेले बहुतेक 'नाही'च म्हणणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण निम्मं गाव आलंच नाही, तर कौल रद्द. म्हणून तर खाणवाल्यांनी आपल्या माणसांना बजावलं होतं, घरात बसा. या हवेत तसंही कोण बाहेर पडतंय!

अंधारून आल्यावर खांबावरच्या कर्ण्यात आधी बँड वाजला, मग पंचायतीतल्या हेर्मीनाबाई बोलल्या, "मंडळी, अजून पाच जण कमी आहेत. फक्त पाच! थोड्या वेळात दार बंद होईल."

दोरोता घराच्या पायरीवर मटकन बसली. हाताला धरून न्यावं असं कुणी उरलंच नव्हतं.

तेवढ्यात सासरे बाहेर आले. वेंडेलीननी उभा जन्म खाणीत काढलेला. अंगात चर्चला जातानाचा काळा कोट, दाढी गुळगुळीत.

"बाबा, तुम्ही कुठे निघालात?"

"मत द्यायला. कधी चुकवलंय का मी? आणि फुली 'हो'वरच मारणार, आधीच सांगून ठेवतो."

गप्प राहणं सोपं होतं. पण रोज एकाच टेबलावर जेवायचं होतं.

"बाबा, तुम्ही नुसते आलात तरी पाचांतला एक भरतो. तुमचं 'हो' आमच्याच पथ्यावर पडेल."

आत मातूश खोकला. वेंडेलीन खिडकीकडे बघत राहिले.

"तेवढं कळतं मला, पोरी. राख टाक पुढे."

ती राख टाकत निघाली, मागून ते. खाणीतल्या इम्रिखच्या घरापाशी त्यांनी काचेवर काठी आपटली.

"इम्रिख! 'हो' म्हणायचं तर तिथे येऊन म्हण. पडद्याआडून कसलं मत देतोस?"

"अरे, पण कंपनीनं सांगितलंय..."

"सकाळी विजारही कंपनीच चढवते का रे तुला?"

आत इम्रिखची बायको खो-खो हसली. दोघं कोट चढवून बाहेर आली. त्यांना बघून समोरच्या घरातले खाणीतले दोघे सोबतीही शिव्या देत निघाले. 'हो' म्हणणाऱ्या पाचांच्या पायांखाली दोरोता राख पसरत राहिली.

थोड्या वेळानं कर्णा खरखरला. हेर्मीनाबाई बँड लावायचंही विसरल्या होत्या. "निम्मं गाव भरलं!"

वेंडेलीन पंचायतीतून बाहेर आले. "'हो'वरच मारली."

"माहीत आहे, बाबा."

टाकलेली राख एव्हाना बर्फाखाली गेली होती आणि बादली रिकामी. वेंडेलीननी कोपर पुढे केलं.

"धर. सकाळपासून सगळ्यांना धरत होतीस."