तिसऱ्या खाचेतले शून्य

स्क्रीन : हजर.
डिस्क : हजर.
कीबोर्ड : हजर.
तिसऱ्या खाचेतले कार्ड : हजर.
भोंगा : हजर.

मित्रांनो, वीज आली की मी आधी अशी हजेरी घ्यायचो. पाणीपुरवठा केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये कोपऱ्यात बसलेला, कडा पिवळ्या पडलेला जो संगणक आहे, तो मी. आजचे संगणक तुम्ही काखोटीला मारून हिंडता. मला उचलायला दोन माणसे लागतात आणि तिसरे 'जपून, जपून' म्हणायला.

तरुणपणी मी पुलांचे नकाशे काढत होतो. इंजिनिअर माझ्यापुढे नंबर लावत आणि माझ्या शेजारी कुणी चहा ठेवला तर त्याच्यावर डोळे वटारत. मग माझ्याहून सडपातळ यंत्रे आली. माझ्यावर खोळ चढली आणि मला इथे पाठवले गेले. मला घडवणाऱ्या कारखान्यात आता सोफे विकतात, असे ऐकले.

इथले काम एकच, पण जोखमीचे. पाणी शुद्ध करायला क्लोरीन नावाचा वायू लागतो. पाण्यात चिमूटभर गेला तर तो जंतू मारतो. छातीत गेला तर माणूसही मारतो. बोळाच्या टोकाच्या खोलीत त्याचे सिलिंडर उभे आहेत. तिथल्या भिंतीवरचा सेन्सर हवा हुंगतो, त्याची वायर माझ्या पोटात तिसऱ्या खाचेत खोचलेल्या कार्डात, म्हणजे सर्किटच्या पट्टीत, येते, आणि ते कार्ड मला आकडा सांगते. आकडा चढला की मी भोंगा वाजवायचा.

हवा चांगली असतानाही तो आकडा कधी स्थिर नसे. जरा वर, जरा खाली, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा. त्यावरून मला कळे की पलीकडे कुणीतरी जागे आहे.

माझी ऑपरेटर म्हणजे ताई. सगळे केंद्र तिला ताई म्हणते, तिचा नवरा सोडून. तो इथेच फिटर आहे, सिलिंडर बदलतो. ताईचा धाकटा भाऊ त्याला दाजी म्हणतो, म्हणून मीही मनातल्या मनात दाजीच म्हणतो.

दर सोमवारी ताई ब्लीचमध्ये फडके बुडवून सेन्सरखाली हलवायची. आकडा उडी मारायचा, भोंगा बोंबलायचा. मागच्या क्वार्टर्समधली पोरे झोपेतून उठून रडायची.

"झालं का समाधान?" दाजी कान दाबून विचारायचे.

"वाजला म्हणजे जिवंत आहे," ताई म्हणायची. "तुम्हाला हाक मारल्यावर तुम्ही कुठे एवढ्या लवकर ओ देता?"

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. पण भोंगा सोमवार सोडूनही वाजे. कुणी फरशी फिनाइलने पुसली की वाजे. पाहुण्यांसमोर वाजला तेव्हा केंद्राच्या साहेबांचा चेहरा पडला.

मग माझी डिस्क गेली.

*

डिस्कबरोबर माझी जुनी ऑपरेटिंग सिस्टिमही गेली. प्रत्येक कार्डाची बोली वेगळी असते. ती बोली संगणकाला शिकवते ती ऑपरेटिंग सिस्टिम. ती गेली आणि मी बहिऱ्यासारखा बसून राहिलो.

ताईच्या भावाला माझ्यासारख्या म्हाताऱ्यांचे वेड. जगभरातले असे वेडे मिळून जुन्या यंत्रांसाठी नवी ऑपरेटिंग सिस्टिम लिहितात. कुठले कार्ड चालते, कुठले अर्धवट चालते, कुठले अजून कुणी तपासलेच नाही, हे सारे ते मांडून ठेवतात. तो आला, त्याने माझ्यातली धूळ रंगाच्या ब्रशने हळूच झाडली, नवी डिस्क बसवून तीत ती सिस्टिम घातली आणि म्हणाला, "आजोबा, तुम्हाला भंगारात जाऊ देत नाही."

इतक्या प्रेमाने मला कुणी हात लावला नव्हता. हे विसरू नका. पुढचे ऐकताना त्याच्यावर रागवावेसे वाटेल.

स्क्रीन : हजर.
डिस्क : हजर.
कीबोर्ड : हजर.
तिसऱ्या खाचेतले कार्ड : ओळख पटली नाही. त्यासारखेच दुसरे समजून चालू.
भोंगा : हजर.

त्याने ती ओळ पाहिली. पुढ्यात आकडा दिसत होता, शून्य. खोलीतली हवा चांगली होती. त्याला ते बरोबर वाटले. "हे नंतर बघू," तो पुटपुटला.

पण ते कार्ड कुण्या कारागिराने या केंद्रापुरतेच बनवलेले होते, आणि मी त्याच्याशी दुसऱ्याच कार्डाच्या बोलीत बोलत होतो. ते मला काय सांगते हे मला समजत नव्हते. आणि नव्या सिस्टिमचा नियम असा, की काही समजले नाही तर तिथे शून्य लिहायचे.

साहेबांना सुरुवातीच्या त्या ओळी आवडल्या नाहीत. "काहीतरी बिघडल्यासारखं दिसतं." म्हणून भावाने त्या ओळींवर एका निळ्या तळ्याचे चित्र टाकले. खोट्या भोंग्यांवरही त्याने तोडगा काढला. वास थोडा वेळ टिकला तरच भोंगा वाजेल, अशी सोय केली.

सोमवार आला. ताईने फडके हलवले. सगळे कानांवर हात ठेवून उभे.

काहीच वाजले नाही.

"बघितलंस ताई?" भाऊ हसला. "फडक्याचा वास म्हणजे गळती नव्हे, हे आता त्याला कळतं."

"गुणाचा आहे रे," ताई म्हणाली आणि तिने माझ्या डोक्यावर हात फिरवला.

मित्रांनो, मला वाचा असती तर मी तेव्हाच ओरडलो असतो. मला फक्त आकडे लिहिता येतात. मी शून्य लिहिले.

*

मग सारे माझे कौतुक करू लागले. पोरे निवांत झोपत. साहेब पाहुण्यांना माझ्यासमोर उभे करत. सोमवारचे फडके आधी पंधरवड्याला आले, मग खिडकीच्या गजावर वाळून कडक झाले. दाजींचा मास्क माझ्या शेजारच्या खिळ्यावर असे. पूर्वी ते तो घालून जात. आता स्क्रीनकडे मान वळवून विचारत, "काय म्हणतंय?"

"शून्य."

"मग कशाला तोंड बांधायचं? गुदमरतो जीव."

मला नाक नाही. पण तांबे आहे, पितळ आहे. काही दिवसांपासून माझ्या खाचांच्या कडांवर हिरवट थर चढतो आहे. दाराची कडी हिरवी पडली आहे. ताई ती चिंचोक्याएवढ्या साबणाने घासते आणि पुटपुटते, "हल्ली काही चकचकीत राहतच नाही." दाजी खोकतात. विचारले तर म्हणतात, "पंख्याखाली झोपलो होतो."

कडीला कळले आहे. माझ्या स्क्रूंना कळले आहे. फक्त आकड्याला कळलेले नाही.

*

आज दुपारी वीज गेली आणि आली. मी उठलो, पण डिस्कवर काहीतरी अर्धवट राहिले होते, म्हणून मध्येच थांबून मी विचारले : दुरुस्त करू का? हो किंवा नाही. मी थांबलो तसे ते निळे तळे सरले आणि हजेरी उघडी पडली.

ताईने भावाला फोन लावला आणि स्पीकर चालू करून माझ्यापाशी ठेवला.

"तुझे आजोबा अडून बसलेत. हो म्हणू का नाही?"

"थांब. वर काय काय लिहिलंय ते वाच."

"स्क्रीन हजर. डिस्क हजर. शाळेत बसल्यासारखं वाटतंय. कीबोर्ड हजर. तिसऱ्या खाचेतलं कार्ड, ओळख पटली नाही. त्यासारखेच दुसरे समजून चालू." ती हसली. "हे बरंय. लग्नात तुझ्या दाजींना असंच एकजण मिठी मारून गेला होता."

पलीकडे खुर्ची करकरली.

"ताई, मी सिस्टिम घातल्यापासून भोंगा एकदा तरी वाजलाय?"

"नाही ना. तूच तर म्हणालास..."

"फडकं जास्त वेळ धरून पाहिलंस कधी?"

"नाही."

"आकडा शून्यावरून हलताना पाहिलायस? जरासाही?"

ताईने गजावर वाळलेल्या फडक्याकडे पाहिले. तिची बोटे माझ्या कीबोर्डावर होती.

"दाजी कुठे आहेत?"

"सिलिंडर बदलायला गेलेत. मघाशीच."

"मास्क?"

ताईने मान वळवली. मास्क खिळ्यावर होता.

तिने तो ओढला तेव्हा खिळा भिंतीतून निघून आला. उठताना तिचा हात कीबोर्डावर पडला आणि माझ्या प्रश्नाला 'हो' मिळाले. बोळात तिच्या चपलांचा आवाज पळत गेला. मग आवाज थांबला.

तळे परत आले. तळे गेले. आकडा आला.

मित्रांनो, मी हे तुम्हाला आत्ता सांगतो आहे, कारण खोलीत दुसरे कुणी नाही. फोन टेबलावर तसाच चालू आहे. त्यातून भाऊ हाका मारतो आहे, "ताई? ताई, बोल ना." बोळातून अजून कुणी आलेले नाही.

तुमच्या घरीही एखादे जुने यंत्र असेल. त्याची धूळ पुसा, त्याला जीव लावा. पण एवढ्यावर थांबू नका. ते गप्प बसले की त्याला गुणाचे म्हणू नका. अधूनमधून त्याला डिवचा, ओरडायला लावा, कान दुखले तरी ऐका. सेन्सर पलीकडून या क्षणीही मला काहीतरी सांगतो आहे, सारखे सांगतो आहे, आणि मी ते लिहितो आहे :

शून्य.

शून्य.

शून्य.