चाक पुढच्या बाजूला

लातूर जिल्हा झाला तेव्हा नरसिंग सोनकांबळेला वाटलं, आपलं नशीब उघडलं. नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या, नव्या जागा. देगलूरला तो शेतीखात्यात सहायक होता. साहेबांनी विचारलं, लातूरला जाता का? हा लगेच "हाव, जातो" म्हणून मोकळा झाला. त्याची बायको पंचफुला देगलूरजवळच्या आरोग्य केंद्रात नर्स होती. "मी पुढं जातो. सहा महिन्यांत तुझी बदली करून घेतो," असं तिला सांगून तो एसटीत बसला.

सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. ती नांदेड जिल्ह्याची, हा लातूरचा. जिल्हा बदलायचा तर तिनं केलेली सगळी नोकरी पुसली जाणार आणि ती सेवाज्येष्ठतेच्या यादीत तळाशी जाणार. मग पंधरा दिवसांनी एकदा, शनिवारी, उदगीरवरून येणाऱ्या गाडीनं ती यायची. कधी हा जायचा. सोमवारी पहाटे ज्याची त्याची गाडी.

पंच्याऐंशी साली पावसानं तोंड फिरवलं. मूग, उडीद वाळून गेले. विहिरींच्या आधारानं कुठंकुठं तूर तेवढी हिरवी राहिली. साहेब म्हणाले, "सोनकांबळे, निदान ही तूर तरी अळीच्या तोंडातून वाचली पाहिजे. अळी दिसेस्तोवर उशीर झालेला असतो. शेतकऱ्याला अंडं दाखवा, अंडं! मेळाव्यात मोठा फोटो लावू."

अंडं म्हणजे खसखशीहून बारीक. तुरीच्या कळीवर एकेकटं चिकटलेलं. नरसिंगकडं नांदेडच्या एका स्टुडिओतून घेतलेला जुना रशियन कॅमेरा होता. त्यानं भिंग उलटं बसवलं, मधे पत्र्याची नळी घातली. अंडं दिसलं, पण श्वास घेतला की नाहीसं व्हायचं. इतक्या जवळ गेल्यावर भिंग फिरवून काही साधत नाही. सगळा कॅमेराच केसभर पुढं, केसभर मागं सरकवावा लागतो. त्यासाठी परदेशात रुळावरची गाडी मिळते, हे त्यानं एका मासिकात वाचलं होतं. किंमत वाचून मासिक मिटून ठेवलं होतं.

डाळमिलच्या मागं मलप्पाचं लेथचं दुकान होतं. मलप्पा उदगीरकडचा. घरात कानडी, दुकानात मराठी. नरसिंगनं कागदावर आकृती काढून दाखवली. मलप्पानं ती उलटीसुलटी बघितली.

"म्हंजे कॅमेऱ्याला लेथवर बसवायचं म्हना की."

"तसंच."

"हौदु," मलप्पा कानडीतच हो म्हणाला. "करू की. त्यात काय!"

मिलच्या भंगारातल्या दोन गुळगुळीत सळया, पितळेचा एक ठोकळा, नव्यानं आटे पाडलेला लांब स्क्रू आणि जुन्या व्हॉल्व्हचं चाक. आठ दिवसांत गाडी तयार झाली. चाकाचा एक फेरा दिला की कॅमेरा एक मिलिमीटर सरकायचा. नरसिंगनं पाव फेरा देऊन बघितलं आणि लहान पोरासारखा हसला. घरी येऊन कॅमेरा चढवला, तेव्हा कळलं की मलप्पानं चाक पुढच्या बाजूला बसवलंय. भिंगाच्या खाली, कळीच्या पुढ्यात. मागून डोळा लावायचा आणि हात पुढं नेऊन चाक फिरवायचं, तर कॅमेरा हलायचा आणि कळीवर हाताची सावली पडायची.

त्या शनिवारी पंचफुला आली. रविवारी सकाळी दोघं शिवारात गेले. नरसिंगनं तिला कळीजवळ बसवलं, चाक तिच्या हातात दिलं आणि स्वतः कॅमेऱ्याला डोळा लावला.

"फिरव. हळू. लई झालं, मागं घे. आणखी जरा... बस्स!"

इंजेक्शनं देऊन तिचा हात सराईत झालेला. ती चाक असं फिरवायची की फांदीलासुद्धा कळू नये. वारा आला की दोघं थांबायचे. थांबल्या वेळात ती केंद्रातलं सांगायची: कोण बाळंतीण सुखरूप सुटली, कमलम्मा आया सुट्टीवर गेली की कशी तारांबळ उडते. कॅमेऱ्याच्या त्या टोकाला ती आणि ह्या टोकाला हा. दुपारपर्यंत सहा फोटो निघाले. तसे चार रविवार गेले.

मलप्पाला चूक कळली तेव्हा तो ओशाळला. "आना इकडं. चाक मागं घेतो. दोन तासाचं काम."

"राहू दे," नरसिंग म्हणाला.

"अहो, एकट्याला जमनार न्हाई ते."

"राहू दे म्हणलं ना."

पुढं देगलूरकडं गावंच्या गावं एकाच विहिरीचा गाळ पिऊ लागली. हगवणीची साथ आली. पंचफुलाची रजा बंद झाली. एक शनिवार गेला, दुसरा गेला. नरसिंग तरीही स्टँडवर जाऊन उदगीरची गाडी रिकामी होईपर्यंत उभा राहायचा. मेळावा दहा दिवसांवर आला आणि आधीच्या फोटोंत एकही मोठा करण्याजोगा नव्हता. साहेब रोज विचारू लागले. शेवटी एका दुपारी त्यानं गाडी फडक्यात गुंडाळली आणि मलप्पाच्या दुकानात नेऊन ठेवली.

"चाक मागं घे."

मलप्पानं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि पाना उचलला.

एकट्यानं काढलेला फोटो सगळ्यांत चांगला आला. अंड्यावरच्या बारीक उभ्या रेघासुद्धा मोजून घ्याव्यात इतका स्पष्ट. मेळाव्यात माणसं रांगेनं बघून गेली. एक म्हातारा म्हणाला, "हे तर खरबुजावानी हाय की!" साहेबांनी सर्वांसमोर पाठ थोपटली, वरच्या जागेसाठी नाव पाठवतो म्हणाले. नरसिंगला वाटत होतं, हे सगळं कधी एकदा आटोपतं.

दुसऱ्याच दिवशी तो कॅमेरा आणि त्याची गाडी मांडीवर घेऊन देगलूरला निघाला.

केंद्राच्या पडवीतसुद्धा खाटा होत्या. पंचफुला पार वाळून गेली होती. ब्लिचिंग पावडरनं बोटांची सालं निघालेली. तिनं त्याला बघितलं, "बसा" म्हणाली आणि सलाईन बदलायला गेली. तो कसला बसतो! दिवसभर टँकरवरून घागरी आणत राहिला. उन्हं कलली तेव्हा ती परसात आली आणि पायरीवर बसली.

त्यानं फोटो दिला. तिनं तो बराच वेळ बघितला.

"मी चाक फिरवीत हुते, तवा तुमी हे बघत हुता व्हय?"

"हाव. तू कधी बघितलंच न्हाईस."

परसात तुरीचं एकच झाड होतं, भांडी धुतलेल्या पाण्यावर जगलेलं, फुलावर आलेलं. त्यानं गाडी मांडली, तिला कॅमेऱ्यामागं बसवलं. चाक आता तिच्याच हाताशी होतं. तो पुढं बसून फांदी धरून राहिला. तिनं डोळा लावला, चाक फिरवलं, थांबली.

"अगं बया! फुलाला लव असती?"

"असती."

"मला वाटायचं, तुमी मला उगंच बसवून ठिवताव."

"ते बी खरंच हाय," तो म्हणाला.

ती हसली, पण डोळा काढला नाही. तो फांदी धरून तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मी अर्ज करतो. परत नांदेड जिल्ह्यात यायचा."

"आन वरची जागा?"

"गेली तर गेली."

बाहेर बैलगाडी थांबल्याचा आवाज आला, कुणीतरी "बाई, बाई" करून हाक मारली. ती उठली, पदर खोचला, म्हणाली, "उदगीरची गाडी साडेसहाला हाय. जेवून जावा," आणि आत गेली.

अर्ज लातूर आणि नांदेडच्या मधे दोन वर्षं फिरत राहिला. आदेश आला तोही देगलूरचा नव्हता, बिलोलीचा. पण बिलोलीहून संध्याकाळी देगलूरला गाडी होती. ती चुकली, तर नरसिंग रस्त्यावर उभं राहून ट्रकला हात करायचा.