दोन टक्के तांबं

समृद्धीनं दारामागची बापाची काठी उपसली आणि धनाजीच्या खांद्यावर अशी हाणली की तो उंबऱ्यातच गुडघ्यावर आला. दुसरा तडाखा भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं.

"म्या न्हाय फोडल्या, समे! बिरोबाची आन!"

"मग काय भुतानं फोडल्या? 'बाटल्या फोडतो तुझ्या' असं परवा जेवताना कोन म्हनलं व्हतं?"

धनाजीनं उठून तिच्या मुस्कटात ठेवून दिली. थोरला भाऊ तो, किती सोसणार? आई, नागूबाई, मधे पडली तर दोघांच्या ओढाताणीत भिंतीवर जाऊन आदळली. कोपऱ्यात घोंगड्यावर त्यांचा बाप बिराप्पा बघत बसला होता.

फरशीवर काचांचा चुरा आणि पांढरी पावडर. समृद्धीनं धाराशिवच्या कॉलेजात खपून केलेले दहा नमुने. चार महिने थांबल्यावर पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासणीच्या यंत्रावर नंबर लागला होता, सकाळच्या एसटीनं निघायचं होतं. नमुने गेले की नंबर गेला, आणि रविवारी इथं जळकोटात तिला बघायला पाहुणे येणारच होते.

नुसतं जस्ताचं ऑक्साइड जांभळ्या टॉर्चखाली जेमतेम मिणमिणायचं. त्यात शंभराला दोन कण तांब्याचे घुसवले की आतली कणांची घडी विसकटायची, आणि त्या व्यंगातूनच झगझगीत हिरवा उजेड फुटायचा. पाच घातले की पुन्हा विझायचा. हे दोनाचं माप सापडायला तिची दोन वर्षं गेली होती. गावात कुणी नाक मुरडलं की बिराप्पा हीच काठी आपटून म्हणायचा, "माझी पोर शिकनार!"

तिनं पिशवीतून तो जांभळा टॉर्च काढला. हात कितीही धुतले तरी ही पावडर नखांतून जात नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"आये, दार लाव. आन् तू हात पुढं कर. आता कळंल खरंखोटं."

अंधार झाला. धनाजीनं दोन्ही पंजे पसरले. त्यांवर रक्त काळंशार दिसलं. हिरवं कुठंच नव्हतं.

हातातला टॉर्च कलंडला आणि कोपऱ्यात दहा नखं हिरवीगार पेटली. बिराप्पानं झटक्यात हात घोंगड्याखाली ओढले, तर काळ्या घोंगड्यावरही बोटं उमटली.

"पाव्हण्यास्नी शबूद दिलाय म्या," तो पुटपुटला. "तू पुन्याला गेलीस की परत यायची न्हाईस."

समृद्धीच्या हातात काठी तशीच होती. वाटलं, एक हाणावी. हात वर जाईना, आणि रडूही येईना.

धनाजी बापाकडे वळला.

"आबा, मला मार बसत व्हता आन् तुमी बसून बगत व्हता?"

धनाजीनं बहिणीच्या हातातला टॉर्च घेऊन बंद केला. नागूबाईनं दार उघडलं. समृद्धीनं काठी टाकली आणि ओढणीचा बोळा करून धनाजीच्या भुवईवर दाबला.

"दादा, लई लागलं का रं?"

"ते ऱ्हाऊ दे. परत कराया किती दिस लागत्यात?"

"दोन म्हयने. नंबर परत मागावा लागंल."

धनाजीनं रक्ताचा हात सदऱ्याला पुसला आणि खिशातून मोबाईल काढला.

"पाव्हण्यांचा नंबर सांगा, आबा."