ब्रेकबाईंच्या खिडक्या

कडाक्याची थंडी होती आणि ब्रेकबाईंच्या गाडीच्या चारही काचा खाली होत्या. बाई गाडी चालवायला शिकवत. शिकणाऱ्याने चूक करण्याआधीच आपल्या बाजूचा ब्रेक दाबत, म्हणून हे नाव. पाळी थांबल्यापासून त्यांच्या अंगातून वाफा निघत, रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. शिकणारे कानटोपी, हातमोजे घालून येत. एकाला तो अभ्यासक्रमच वाटला. तो परीक्षेलाही कानटोपी घालून गेला आणि पास झाला.

पण काल झोपेच्या गुंगीत बाई "डावीकडे"ऐवजी "उजवीकडे" म्हणाल्या आणि गाडी फुलांच्या दुकानात शिरता शिरता राहिली.

"सोड ती नोकरी," नवरा म्हणाला. "सगळ्याच बायकांना होतं हे."

"आणि त्या हार्मोनच्या गोळ्याबिळ्या घेऊ नकोस हं!" मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. "कॅन्सर होतो म्हणे. आमच्या वेळी सगळ्यांनी फेकून दिल्या."

आजची शिकवणी शेवटची, असं ठरवूनच बाई गाडीत बसल्या. स्टिअरिंगवर होत्या एक स्त्रीरोगतज्ज्ञ. त्या तरुणपणी एकदा भिंतीला धडकल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी दुसरा गिअर पाहिला नव्हता. वाफा, जागरण, जाऊबाईंची ताकीद, सगळं बाईंनी त्यांना सांगून टाकलं होतं.

"अहो डॉक्टर, दाबा की जरा! आजोबा चालत पुढे गेले आपल्या."

"भीती वाटते हो."

"तेव्हा भिंत होती. आता रस्ता मोकळा आहे, तुम्ही सावध आहात, शिवाय ब्रेक माझ्याकडेही आहे. एका भिंतीपायी जन्मभर पायी फिरणार?"

डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली. मफलर सैल केला.

"मग मॅडम, तुम्ही का पायी फिरताय?"

"मी?"

"या वाफा, हे जागरण! आम्ही डॉक्टरांनी हार्मोन आधी सरसकट दिले, मग घाबरून सरसकट बंद केले. आता एकेकीचं बघतो. वय काय, पाळी थांबून किती वर्षं झाली, स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताची गुठळी कधी झाली होती का. काहींना आम्ही ते देतच नाही, त्यांच्यासाठी दुसरे उपाय आहेत. काहींना मात्र धोक्यापेक्षा फायदा जास्त. आणि तपासणीला येत राहायचं. ब्रेक माझ्याकडेही आहे!"

आपलंच वाक्य आपल्यालाच! बाईंनी विचारलं,

"दवाखाना कुठे तुमचा?"

"डावीकडे."

"चला मग. दुसऱ्या गिअरमध्ये."

तपासण्या झाल्या, औषध सुरू झालं. काही आठवड्यांनी बाई झोपू लागल्या. नोकरी शाबूत आहे, फुलांचं दुकानही.

वाचकहो, "सगळ्यांनाच होतं" हे काही उत्तर नव्हे. ऐकीव भीतीने औषध टाकू नये, ऐकीव भरवशावर घेऊही नये. आपल्यापुरतं डॉक्टरांना विचारावं.

ब्रेकबाईंच्या काचा आता वर असतात. शिकणाऱ्यांची तक्रार आहे, कानटोपीत फार उकडतं.